हा चंद्र कुठल्या गावचा?

फेब्रुवारी २०२५ च्या गॅदरिंगमध्ये फोटोग्राफी स्पर्धेचं पहिलं बक्षीस मला मिळालं. फोटो बहुतेकांनी पाहिला असेलच, कारण तो अजून मेन बिल्डिंगच्या जिन्यासमोर लटकतोय. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, काळाभोर, आणि त्याच्या अगदी मागे टेकलेला पूर्ण चंद्र. खाली नाव : 'कर्नाळ्याची पौर्णिमा'. सर्टिफिकेट, दीड हजार रुपये आणि मुख्य म्हणजे पोरींच्या होस्टेलपर्यंत पोचलेली कीर्ती, एवढं सगळं त्या एका फोटोने मला दिलं.

निकालानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी सिव्हिलच्या सर्व्हे लॅबचे काका फोटोसमोर उभे होते. हातात कुठल्याशा बॅचच्या फील्ड बुकांचा गठ्ठा. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, कौतुक ऐकायच्या तयारीने.

"कुठून काढलास रे?"

"आपल्या गच्चीवरून, काका."

"आपल्या गच्चीवरून कर्नाळा कुठल्या दिशेला?"

मी हात दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे दक्षिण. आणि चंद्र उगवतो पूर्वेला. मग हा चंद्र कुठल्या गावचा?"

आणि गठ्ठा घेऊन निघून गेले. रागावले नाहीत, कुणाला सांगितलंही नाही. तेच जास्त लागलं.

आता खरं सांगतो. सुळक्याचा फोटो माझाच होता, डिसेंबरच्या एका संध्याकाळी काढलेला. चंद्रही माझाच होता, पण तो दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे, मागून आणलेल्या मोठ्या लेन्सने काढलेला. दोन्ही लॅपटॉपवर एकत्र आणले, चंद्र जरा मोठा केला, कडा पुसट केल्या. वीस मिनिटांचं काम. तेव्हा मनात काही टोचलं नाही. दोन्ही फोटो माझेच, मग चोरी कसली?

त्या रात्री झोप येईना म्हणून गणित करत बसलो. (व्हायवाच्या आदल्या रात्रीसुद्धा मी एवढं गणित केलेलं नाही.) पनवेल साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. चंद्र विषुववृत्तापासून फार तर साडेअठ्ठावीस अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला जातो. म्हणजे आपल्याकडे त्याची उगवायची जागा ऐन पूर्वेपासून जास्तीत जास्त ३० अंश इकडे किंवा तिकडे सरकणार. आणि तो जेव्हा बरोबर दक्षिणेला येतो, तेव्हा क्षितिजापासून किमान ४२ अंश वर असतो. कर्नाळ्याचा सुळका पनवेलहून दिसतो जेमतेम दोन अंशांवर. म्हणजे पनवेलमध्ये उभं राहून कर्नाळ्याच्या सुळक्याला टेकलेला चंद्र शिवाजी महाराजांच्या काळात कुणाला दिसला नाही आणि पुढेही कुणाला दिसणार नाही. मी जगात नसलेल्या गोष्टीचा फोटो काढून बक्षीस घेतलं होतं!

आकाराचंही तेच. चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश जागा व्यापतो. दहा किलोमीटरवरच्या डोंगरामागे तो उगवला, तर त्याच्या थाळीत साधारण ९० मीटर रुंदीचा दगड मावतो. याचा अर्थ 'डोंगराएवढा चंद्र' हवा असेल तर डोंगरापासून लांब जायचं आणि मोठी लेन्स लावायची, जवळ जाऊन काही होत नाही. नेहमीच्या ५५ मिलिमीटरच्या लेन्सने सेन्सरवर चंद्राची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर पडते. माझ्या फोटोतला चंद्र होता त्याच्या कित्येक पट. काकांना हे गणित करावंच लागलं नाही. आयुष्यभर थिओडोलाइटमधून पाहिलेल्या माणसाला दिशा नुसत्या दिसतात.

रूममेटला सांगितलं तर तो म्हणाला, "कला आहे रे ती. कवी चंद्राला काय वाट्टेल ते करतो, तू जरा उजवीकडे सरकवलास." युक्तिवाद बिनतोड वाटला होता. पण मग अन्सेल ॲडम्सची गोष्ट वाचली. १९४१ च्या शरद ऋतूत हा अमेरिकन फोटोग्राफर न्यू मेक्सिकोत गाडीने चालला होता. हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर चंद्र वर आलेला, खाली कबरस्तानातल्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. गाडी थांबवून कॅमेरा लावला तर एक्स्पोजर मीटर सापडेना. पण चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, त्यावरून हिशेब करून त्याने एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत ऊन गेलं. तोच फोटो पुढे जगप्रसिद्ध झाला. ॲडम्सने डार्करूममध्ये त्यावर भरपूर हात चालवला. प्रिंट काढताना आकाश दर वेळी आणखी काळं करत गेला. म्हणजे एडिटिंग झालंच. पण चंद्र त्याने हलवला नाही. आणि गंमत अशी, की त्याला तारखांची नोंद ठेवायची सवय नव्हती, फोटोचं साल तो वेगवेगळं सांगायचा. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राची जागा मोजून उलटं गणित केलं. उत्तर आलं १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं.

फोटोग्राफर विसरला, फोटोला आठवत होतं. माझ्या 'कर्नाळ्याच्या पौर्णिमे'वर उद्या कुणी असं गणित केलं तर काय उत्तर येईल? काहीच नाही. अशी वेळ कधी नव्हतीच. माझ्या मते रेघ इथे आहे. आकाश काळं करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, फोटो काळा-पांढरा करा, कुणाची ना नाही. पण जे तिथे होतं ते काढू नका आणि जे नव्हतं ते आणू नका. निसर्गाचा फोटो म्हणून दाखवणार असाल तर एवढं पाळलंच पाहिजे.

आता तर फोटोशॉपही लागत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सॅमसंगच्या फोनवरून गाजलेलं प्रकरण काहींना आठवत असेल. एका वापरकर्त्याने चंद्राचा फोटो मुद्दाम बारीक आणि धूसर केला, इतका की विवरं दिसेनाशी झाली. तो मॉनिटरवर लावला, खोलीत अंधार केला आणि लांबून फोनने टिपला. फोनने त्या धुरकट गोळ्यावर विवरं काढून दिली! कंपनीनेही मग खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि तपशील वाढवतो. म्हणजे आपण बटण दाबतो, आणि फोन स्वतःला पाठ असलेलं उत्तर लिहून देतो. याला आपल्याकडे परीक्षेत काय म्हणतात ते सांगायला नको.

त्याचा अनुभव ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आला. खग्रास चंद्रग्रहण. अकरा ते साधारण बारा बावीस, ८२ मिनिटं चंद्र पूर्ण सावलीत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, सगळ्यांचे घसे बसलेले, पाय गळालेले, तरी पंचवीस-तीस जण गच्चीत. आणि आकाशात ढग. खग्रास काळात ढगांनी दोनदाच फट दिली. पहिल्या वेळी मी कॅमेरा पाण्याच्या टाकीवर ठेवतच होतो. दुसऱ्या वेळी दोन सेकंदांचं एक्स्पोजर मिळालं. त्यात एक तांबूस, थोडा हललेला गोळा आला, मसुराच्या डाळीसारखा. होस्टेलच्या ग्रुपवर मात्र साडेअकरापर्यंत अकरा लालबुंद, काचेसारखे स्वच्छ चंद्र जमा झाले होते. सगळ्यांच्या खाली 'फ्रॉम अवर टेरेस'! त्यातल्या एकात टायको विवर चंद्राच्या वरच्या बाजूला होतं. आपल्याकडे त्या वेळी ते खालच्या बाजूला दिसतं. वर दिसतं ते ऑस्ट्रेलियात. कुणी म्हणेल, मोबाइल उलटा धरला असेल. पण गच्चीत उलटं उभं राहून फोटो काढील असा आमच्यात एकच आहे, आणि तो गणपतीला घरी गेलेला होता.

हसलो आम्ही खूप. पण नंतर वाटलं, ज्यांनी ढगांकडे पाहत दीड तास मान मोडली त्यांनीच दुसऱ्याचा चंद्र आपला म्हणून टाकला, तो का? कारण आपला गोळा त्यांना लाजिरवाणा वाटला. ही लाज कुठून आली? माझ्यासारख्यांनी भिंतीवर टांगलेल्या फोटोंतूनच ना?

या बाबतीत आपल्या इंजिनीअरिंगवाल्यांना फार चांगला पूर्वज लाभलाय आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नाही. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक, म्हणजे आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तिथे. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून १८८८ मध्ये त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली, आणि तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळात देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. नायगमवाला पथक आणि उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. हातात होती सुमारे दोन मिनिटं. तेवढ्यात काचेच्या प्लेटा बदलत सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचे वर्णपट टिपायचे. स्क्रीनवर बघून 'परत एक घे' नाही. त्यांनी ते टिपले आणि कुठलं उपकरण, किती वाजता, किती सेकंद हे सगळं लिहून अहवाल छापला, तो १९०२ मध्ये. घाई नाही. चार वर्षं!

त्याच ग्रहणाला नॉर्मन लॉकियर आपल्या कोकणात, विजयदुर्ग किल्ल्यात होता. त्याच्या उपकरणांसाठी बांधलेले चौथरे आजही 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखवतात. आणि सोबत हमखास सांगतात की इथूनच १८६८ मध्ये हेलियमचा शोध लागला. मीही शाळेच्या सहलीत हे ऐकलं आणि घरी येऊन छाती फुगवून सांगितलं होतं. पण १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होता, ती पिवळी रेघ त्याने तिथूनच पाहिली. ऑगस्ट १८६८ चं ग्रहण पाहायला भारतात आला होता तो फ्रेंच जान्सेन, आणि तो होता गुंटूरला. लॉकियर विजयदुर्गला आला तीस वर्षांनी. कट्टे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरं, फक्त तारीख सरकवली. माझा चंद्र जसा उजवीकडे सरकवला तसाच प्रकार. आणि त्यामुळे जे खरोखर विजयदुर्गात आणि जेऊरला घडलं, ते कुणी विचारतच नाही.

असो. लॉकियर राहू दे, आपण पनवेलबद्दल बोलू. कारण मला खरी काळजी वाटते ती इथली.

आपल्या स्टाफमधल्या एका सरांकडे उलव्याच्या टेकडीचा फोटो आहे. विमानतळासाठी कापली ती, नव्वद मीटरच्या आसपास उंच होती. पायथ्याशी खाडी, भरतीचं पाणी, वर पावसाळी ढग. आज तिथे ना टेकडी ना ते पाणी. टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळ हवा की नको हा वाद मी इथे काढत नाही. घरी जायला मलाही विमान परवडलं तर आवडेलच. सांगायचंय ते फोटोबद्दल. सरांना विचारलं, हा कधीचा? म्हणाले, दोन हजार नऊ असेल, किंवा अकरा. कुठून काढला? तेही नक्की आठवेना. टेकडीच्या बाजूला एक पांढरा पट्टा दिसतो. ती तेव्हाची खाण, की नुसता उघडा दगड? तारीख असती तर सांगता आलं असतं.

आणि माझी करणी ऐका. फर्स्ट इयरला, २०२३ च्या पावसाळ्यात, मी त्याच बाजूचे फोटो काढले होते. इंद्रधनुष्य होतं, फार सुंदर. पण फ्रेममध्ये चार क्रेन येत होत्या. मी त्या पुसल्या. मूळ फाइल डिलीट केली, कार्डात जागा नव्हती म्हणून. आता माझ्याकडे २०२३ च्या उलव्याचं असं चित्र आहे ज्यात विमानतळाचं काम चालूच नाही. तीस वर्षांनी हे कुणाच्या हाती लागलं तर तो काय समजेल? प्रबळगड, माथेरानची कड, कर्नाळा, गाढी नदी यांचे आपण हजारो फोटो काढतो आणि प्रत्येकातून हाय-टेन्शनच्या तारा, खाणी, तळोज्याची धुरांडी वेचून काढतो. पनवेलचा डोंगर बदलतोय, रात्रीचं आकाश दर वर्षी आणखी पिवळं होतंय, आणि आमच्या फोटोंत सगळं जसंच्या तसं, किंबहुना जास्तच हिरवं!

तेव्हा पुढच्या गॅदरिंगसाठी माझी मागणी आहे. निसर्ग विभागातल्या प्रत्येक फोटोखाली एक कार्ड असावं : जागा, तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, आणि नंतर काय काय बदललं. मागितली तर मूळ फाइल दाखवायची. ज्यांना चंद्र हलवायचेत त्यांच्यासाठी वेगळा विभाग ठेवा, 'डिजिटल चित्र' म्हणून. त्यात मीही भाग घेईन, मला ते चांगलं जमतं हे सिद्ध झालेलंच आहे.

फोटो क्लबच्या मीटिंगमध्ये हे मांडलं तर एकजण म्हणाला, "ही स्पर्धा आहे की एफआयआर?" हशा झाला. पण दुसरा आक्षेप गंभीर होता. एक सीनियर म्हणाली, खरंच फोटो हवा असा नियम केलास तर पोरं जीव धोक्यात घालतील, लॅपटॉपवर कुणी मरत नाही. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात बंदी असते ती उगाच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे चार कॉलेजच्या मुली वाहून गेल्या. यावर मी बराच विचार केला. मला वाटतं धोका खऱ्या फोटोत नाही, 'भारी' फोटोत आहे. कड्यावर जायला लावतं ते बक्षीस. म्हणून परीक्षकांनी धबधब्याच्या टोकावरच्या फोटोला सरळ बाद करावं आणि कार्डावर जागा लिहायला लागली तर ते करता येईल. नाहीतर आज तो कुठून काढला हेच कळत नाही.

आणि कड्यावर जायची गरज नाही, हे मी स्वतः पाहिलंय. काकांच्या त्या प्रश्नानंतर मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नकाशा उघडला. कर्नाळ्यामागे चंद्र हवा तर सुळक्याच्या पश्चिमेला, चिरनेरच्या बाजूला जायला हवं. पण आपल्या गच्चीच्या बरोबर पूर्वेला काय आहे? प्रबळगड! आणि मार्चमधली पौर्णिमा उगवते जवळपास ऐन पूर्वेला. काका म्हणाले, "होळी कधी आहे बघ."

१४ मार्च २०२५, धुळवड. कानात रंग, नखांत रंग, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत. सूर्य गेला पावणेसातला. सात वाजले, पूर्वेला धुरकट राखाडी पडद्याशिवाय काही नाही. काका कठड्याला टेकून उभे. "डोंगर साडेतीन अंश वर आहे, त्याला चढायला वेळ लागणार," म्हणाले. सव्वासातच्या सुमारास पठाराच्या कडेवर एक केशरी ठिपका आला. आधी वाटलं वणवा. मग तो वाढायला लागला. दोन-सव्वादोन मिनिटांत पूर्ण चंद्र सुटून वर आला, एका बाजूने किंचित चेपलेला, मातकट. आणि त्यावरचे ते काळे डाग, ज्यांना आपण ससा म्हणतो, ते बेसाल्टचे. खाली प्रबळगडही बेसाल्टचाच. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, वरचा तीनशे कोटींहून जुना. एकाच जातीचे दोन दगड एका फ्रेममध्ये. मी पहिल्या मिनिटात शटर दाबायलाच विसरलो.

फोटो आला तो असा : चंद्र लहान, धुरकट, आणि त्याच्या बरोबर मधून दोन तारा गेलेल्या, डावीकडे टॉवर. तारा मी काढलेल्या नाहीत. हा फोटो या लेखासोबत छापायला दिलाय, कार्डासकट.

एक गोष्ट राहिली. त्या स्पर्धेत दुसरा नंबर फर्स्ट इयरच्या एका ज्युनियरचा होता. तळोज्यावर पडलेली वीज. परतीच्या पावसात पाच रात्री खिडकीत बसून त्याने ती मिळवली होती. जरा हललेली होती म्हणून परीक्षकांनी मार्क कापले. मी त्याच्याकडे जाऊन सगळं सांगितलं, दीड हजार पुढे केले. त्याने घेतले नाहीत. "मला तेव्हाच वाटलं होतं, दादा," एवढंच म्हणाला, आणि पुढचे दोन आठवडे मेसमध्ये माझ्या टेबलावर बसला नाही.

सर्टिफिकेट परत करायला गेलो तर कळलं की परत घ्यायची तशी काही सोय नाही, आणि फ्रेम भिंतीतल्या स्क्रूंवर पक्की बसवलेली आहे. म्हणून मी फोटोखाली एक चिठ्ठी लावली : 'सुळका पनवेलचा, चंद्र गावाकडचा, जोडकाम माझं.' ती दोनदा कुणीतरी काढून टाकली. तिसरी फेव्हिकॉलने चिकटवली आहे.